केलेले कर्म आणि लिहिलेली धाव

कर्म घडून गेल्यावर त्याचे काय उरते, हा भारतीय दर्शनांतील फार जुन्या वादाचा विषय आहे. यज्ञ आटोपतो, आहुती जळून जाते, ऋत्विज दक्षिणा घेऊन आपापल्या घरी जातात, आणि ज्या स्वर्गादी फळासाठी हा सारा खटाटोप केला ते फळ मात्र यजमानाला मृत्यूनंतर मिळायचे असते. तेव्हा मधल्या दीर्घ काळात त्या कर्माला त्याच्या फळाशी जोडून ठेवणारे काहीतरी असलेच पाहिजे, असे मीमांसकांनी मानले आणि त्याला ‘अपूर्व’ म्हटले. अपूर्व म्हणजे कर्मापूर्वी नसलेली, कर्मामुळे उत्पन्न होणारी आणि फळ मिळेपर्यंत टिकून राहणारी अदृश्य शक्ती. नैयायिकांनी हेच काम आत्म्याच्या ठिकाणी राहणाऱ्या ‘अदृष्ट’ नावाच्या गुणाकडे सोपवले. ब्रह्मसूत्रांत तर जैमिनी फळाचे दातृत्व धर्माकडे देतात आणि बादरायण ते ईश्वराकडे देतात, असा मतभेदच नोंदलेला आहे. वाद कितीही असले तरी विश्वात कोठेतरी केलेल्याचा हिशेब राहतो, हे या सर्वांनी गृहीत धरले आहे. मानवी व्यवहारात मात्र असा हिशेब आपोआप राहत नाही. तो कोणीतरी बसून लिहावा लागतो, आणि लिहिणारा माणूस चुकतो, कंटाळतो, क्वचित पक्षपातही करतो. एकेका कृतीचा असा हिशेब काटेकोरपणे ठेवण्याची रीत ज्या थोड्या व्यवहारांत आहे त्यांपैकी क्रिकेट हा एक आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात हौशी क्रिकेट स्पर्धा चालवणाऱ्यांपुढे, कागदी वहीकडून मोबाइलमधील नोंदीकडे जाताना, हाच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे.

रत्नागिरी शहरात मारुती मंदिर परिसरातील छत्रपती शिवाजी स्टेडियमवर जे लेदर बॉलचे सामने होतात त्यांच्या मागे संघटनेची थोडीफार शिस्त असते. परंतु जिल्ह्यातील बहुतेक खेळ टेनिस बॉलवर, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मळ्यांत आणि जांभ्या कातळाच्या सड्यांवर चालतो. पावसाळा संपला की स्पर्धांना सुरुवात होते आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी आले की त्यांना भर येतो. संघ वाडीचा असतो, त्याचे नाव पुष्कळदा ग्रामदेवतेवरून ठेवलेले असते, स्पर्धेचा आरंभ खेळपट्टीवर नारळ वाढवून आणि गाऱ्हाणे घालून, म्हणजे गावाच्या वतीने देवतेला मोठ्याने विनवणी करून होतो. प्रवेश फी, लॉट्स पाडणे, साखळी की बादफेरी हे ठरवणे, पंच मिळवणे, चषक आणि रोख बक्षिसांसाठी देणगीदार शोधणे या कामांत आयोजकांची शक्ती खर्च होते. समालोचकासाठी ध्वनिक्षेपक आवर्जून आणला जातो, आणि गुणलेखक, म्हणजे ज्याला सगळे गाव स्कोरर म्हणते तो, शेवटच्या क्षणी शोधला जातो. मांडवाच्या कोपऱ्यातील टेबलाशी बसवलेला हा मुलगा आदल्या फेरीत हरलेल्या संघातला असतो, किंवा ज्याला संघात जागा मिळाली नाही असा कोणीतरी असतो. सामनावीर आणि मालिकावीर कोण हे त्याच्या वहीवरून ठरते, आणि स्पर्धा संपल्यावर ती वही कोणाच्या घरी गेली हे सहसा कोणी विचारत नाही.

या वहीचे पुढे काय होते हे कोकणच्या हवेत सांगावे लागत नाही. वर्षाला ३००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात बुरशी आणि वाळवी यांच्या तडाख्यातून साधी शाळेची प्रगतिपुस्तके वाचत नाहीत, तेथे माळ्यावर टाकलेल्या स्कोरबुकाची काय कथा. वही गेल्यावर उरते ती स्मृती, आणि स्मृतीविषयी आपल्या परंपरेने फारसा भरवसा बाळगलेला नाही. न्यायदर्शन स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभवरूप ज्ञान, मानत नाही, कारण तिच्यात नवे काही कळत नाही, जुन्या अनुभवाचा संस्कार तेवढा जागा होतो आणि तो संस्कार सदोष असला तर तो दोष तपासण्याचे साधन स्मृतीपाशी नसते. बृहस्पतिस्मृतीच्या नावाने सांगितले जाणारे एक वचन तर अधिकच रोखठोक आहे: सहा महिन्यांत माणसांना भ्रम होऊ लागतो, म्हणून विधात्याने अक्षरे निर्माण करून ती पत्रावर चढवली, असे त्याचे तात्पर्य. कोकणातील क्रिकेटचा हंगाम आणि पावसाळा यांची विभागणीही साधारण तशीच असल्यामुळे, मे महिन्यात एका फलंदाजाने मारलेले चार षटकार गणपतीपर्यंत पाच होतात आणि दिवाळीपर्यंत चेंडू आमराईपलीकडे गेलेला असतो, यात दोष कोणाचाच नसतो. दंतकथेलाही गावाच्या जीवनात आपले स्थान आहे. मात्र ज्याने ते षटकार खाल्ले त्या गोलंदाजाची तिसऱ्या षटकातली कामगिरी तीत टिकत नाही, आणि नोंदवहीचे नैतिक प्रयोजन शोधायचे तर ते अशा न टिकणाऱ्या गोष्टींपाशीच शोधावे लागते.

कर्मसिद्धान्ताच्या चर्चेत दोन दोष वारंवार सांगितले जातात. पहिला ‘कृतहानी’, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता वाया जाणे. दुसरा ‘अकृताभ्यागम’, म्हणजे जे केलेच नाही त्याचे फळ एखाद्याच्या वाट्याला येणे. देहाबरोबर आत्माही नाहीसा होतो असे मानले तर हे दोन्ही दोष ओढवतात, असा नैयायिकांपासून वेदान्त्यांपर्यंत अनेकांचा युक्तिवाद आहे, आणि तो मान्य असो वा नसो, अन्यायाची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच कोठे सापडेल. स्कोरबुकातील बहुतेक चुका या दोन सदरांत बसतात. लेगबायच्या दोन धावा फलंदाजाच्या नावावर चढल्या की अकृताभ्यागम झाला. यष्टिरक्षकाने चपळाईने केलेले यष्टिचीत नुसते ‘बाद’ म्हणून लिहिले की कृतहानी झाली. ज्या वाडीत निम्म्या संघाचे आडनाव एकच असते आणि वहीत फक्त आडनाव लिहिण्याची सवय असते, तेथे एका चुलत्याच्या धावा दुसऱ्याच्या पुतण्याकडे जातात, आणि दोन्ही दोष एका फटक्यात घडतात. खेळाडूला कायमचा क्रमांक देणे, पूर्ण नावाबरोबर वाडीचे नाव लिहिणे, संघ बदलला तरी क्रमांक तोच ठेवणे, या सुधारणा कारकुनी वाटतात. परंतु कर्म आणि कर्ता यांचा संबंध तुटू नये ही जी चिंता दर्शनकारांना आत्म्याच्या नित्यत्वापर्यंत घेऊन गेली, त्याच चिंतेचे ते अगदी लहान, ऐहिक उत्तर आहे.

हिशेब ठेवणारा आणि निवाडा करणारा हे दोघे वेगळे असावेत, ही जाणीव धार्मिक कल्पनाविश्वातही दिसते. पुराणांतील चित्रगुप्त लिहितो, वाचून दाखवतो, पण शिक्षा यम सांगतो. रत्नागिरीत मिरकरवाडा, राजिवडा या वस्त्यांतून मोठ्या संख्येने राहणाऱ्या आणि जिल्ह्याच्या क्रिकेटमध्ये तितक्याच उत्साहाने खेळणाऱ्या कोकणी मुसलमानांच्या श्रद्धेत ‘किरामन कातिबीन’, म्हणजे प्रत्येक माणसासोबत असणारे दोन सन्माननीय लेखक-फरिश्ते, यांचे स्थान आहे. कुराणात त्यांचा उल्लेख येतो आणि उजवीकडचा सत्कर्मे तर डावीकडचा दुष्कर्मे लिहितो, असे परंपरा सांगते. क्रिकेटच्या नियमांतही दोन लेखक आहेत. मेरिलिबोन क्रिकेट क्लबने ठरवलेल्या नियमांपैकी तिसरा नियम सर्वस्वी गुणलेखकांविषयी आहे: ते दोन असावेत, त्यांनी आपल्या नोंदी जुळतात की नाही हे वारंवार पाहावे, पंचांचा प्रत्येक इशारा स्वीकारावा आणि तो मिळाल्याची पोच द्यावी. पंच चुकला असे दिसत असूनही गुणलेखक स्वतःच्या मताने धाव कमी-जास्त करू शकत नाही. उलट, धावसंख्या बरोबर असल्याची अंतिम जबाबदारी पंचांवर टाकलेली आहे. परंतु फरिश्त्यांच्या आणि या दोघांच्या लेखनात एक भेद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. ते दोघे दोन वेगळ्या गोष्टी लिहितात, आणि त्यांच्या लेखनाची पडताळणी करावी लागत नाही. हे दोघे एकच गोष्ट दोनदा लिहितात, कारण ते चुकणारे आहेत हे नियमाने आधीच धरून ठेवले आहे. अल्पज्ञाला दोनदा लिहावे लागते, सर्वज्ञाला ते लागत नाही.

गावच्या स्पर्धेत दोन गुणलेखक मिळत नाहीत, हे खरे आहे. येथे धर्मशास्त्रातील व्यवहारविचार, म्हणजे दाव्यांचा निर्णय कसा करावा याविषयीचा विचार, उपयोगी पडतो. आणि त्या विचाराचा सर्वांत विस्तृत आधुनिक अभ्यास ज्यांनी केला ते महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे रत्नागिरी जिल्ह्याचेच होते, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे. १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील तिसऱ्या खंडात व्यवहाराची चर्चा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत लिखित, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, आणि साक्षी अशी तीन मानुष प्रमाणे सांगितली आहेत, आणि ती उपलब्ध नसतील तरच दिव्याकडे, म्हणजे अग्नी, जल, तुला इत्यादींच्या साहाय्याने घेतल्या जाणाऱ्या दैवी परीक्षेकडे, वळावे असा क्रम आहे. साक्षीदार किमान तीन असावेत हा सामान्य नियम देऊन, दोन्ही पक्षांना मान्य असलेला आणि धर्म जाणणारा असा एकही साक्षी चालतो, असा अपवादही तेथे केलेला आहे. एकच गुणलेखक बसवणाऱ्या आयोजकाला यापेक्षा चांगली सवलत मिळणार नाही, मात्र तिच्या अटींसह: नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांनी त्याला मान्यता दिली पाहिजे, आणि त्याला खेळाचे नियम येत असले पाहिजेत. कोकणात वादाच्या प्रसंगी ग्रामदेवतेला कौल लावण्याची, म्हणजे मूर्तीवर लावलेल्या पाकळ्या कोणत्या बाजूने पडतात त्यावरून होकार-नकार जाणण्याची रीत आहे, आणि गावाच्या अनेक निर्णयांत तिचा मान मोठा आहे. तथापि शेवटच्या षटकात सहा चेंडू पडले की सात, हा प्रश्न देवीपुढे नेण्याची वेळ येणे म्हणजे मानुष प्रमाणाच्या बाबतीत माणसांनी कसूर केल्याचीच कबुली होय, आणि हे कौलाला मान देणाऱ्यांनाही पटण्यासारखे आहे.

लेखकाची योग्यता कशी ओळखावी, याविषयी वात्स्यायनाने न्यायभाष्यात ‘आप्त’ या संकल्पनेचा जो खुलासा केला आहे तो गुणलेखकाच्या नेमणूकपत्रावर छापावा असा आहे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि ती जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. जात, वय, गावातले वजन यांचा त्यात संबंध नाही. पंधरा वर्षांची मुलगी चेंडूगणिक लक्ष ठेवून लिहीत असेल तर ती आप्त, आणि स्पर्धेचा अध्यक्ष पाहुण्यांच्या सरबराईतून अधूनमधून वहीत डोकावत असेल तर तो नाही.

नोंदवहीतील सर्वांत तत्त्वज्ञानाने भरलेले चिन्ह मात्र धावेचे नाही, बळीचेही नाही. ते निर्धाव चेंडूसाठी दिल्या जाणाऱ्या टिंबाचे आहे. जे घडले नाही त्याची ती नोंद आहे. अभावाचे ज्ञान कसे होते हा भारतीय ज्ञानमीमांसेतील एक सूक्ष्म वाद आहे: जमिनीवर घट नाही हे डोळ्यांनी दिसते, अनुमानाने कळते, की त्यासाठी वेगळे प्रमाण मानावे? कुमारिल भट्टाच्या अनुयायांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. प्रभाकराच्या अनुयायांना ते मान्य झाले नाही. वैशेषिकांच्या नंतरच्या परंपरेने तर अभाव हा पदार्थच गणला. मात्र अनुपलब्धीला एक अट आहे. न आढळणे हे ज्ञान तेव्हाच ठरते, जेव्हा ती वस्तू असती तर आढळली असती अशी परिस्थिती होती. अंधारात घट दिसला नाही यावरून घट नव्हता असे म्हणता येत नाही. ही अट गुणलेखनाला तंतोतंत लागू पडते. टिंबाचा अर्थ ‘पाहिले, आणि धाव झाली नाही’ असा आहे. रिकाम्या चौकोनाचा अर्थ ‘पाहिलेच नाही’ असा आहे, आणि चहा घेण्यासाठी उठलेल्या गुणलेखकाने परत येऊन रिकामे चौकोन टिंबांनी भरले तर त्याने अंधारातल्या घटाविषयी साक्ष दिली असे होते. जुन्या वह्या संगणकावर चढवताना या भेदाची सर्वाधिक हानी होते, कारण तक्त्यात रिकामी जागा दिसली की तेथे शून्य टाकण्याचा मोह आवरत नाही. शून्यावर बाद झालेला फलंदाज, फलंदाजीची पाळीच न आलेला फलंदाज, आणि ज्याच्या डावाचे पान वाळवीने खाल्ले तो फलंदाज, या तिघांपुढे शून्यच लिहिले तर पहिल्याचे अपयश तिघांत वाटले जाते, आणि तिसऱ्याचे कदाचित अर्धशतकही गाडले जाते. नोंद ठेवण्याच्या आधुनिकीकरणात यंत्र कोणते घेतले, याहून या तिघांसाठी तीन वेगळी चिन्हे ठेवली की नाही, हा प्रश्न मोठा आहे.

जुन्या वहीतील बेरजा पुष्कळदा जुळत नाहीत. फलंदाजांच्या आणि अवांतर धावांची बेरीज ११२ होते आणि खाली एकूण ११५ लिहिलेले असते, अशी कल्पना केली, तर या तीन धावांचे काय करावे? मीमांसेत ‘अर्थापत्ती’ नावाचे प्रमाण सांगितले आहे: देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे, असे मानल्यावाचून विसंगती मिटत नाही, म्हणून ते मानावे. त्या न्यायाने, एकूण धावसंख्या पंचांनी पडताळून मान्य केलेली असेल, तर तीन धावा झाल्या आणि त्या कोणाच्या तरी नावावर किंवा अवांतर धावांत लिहायच्या राहिल्या, एवढे मानता येते. पण देवदत्त रात्री काय जेवला हे अर्थापत्ती सांगत नाही. त्या तीन धावा ‘बहुधा सलामीच्या फलंदाजाच्या असाव्यात’ म्हणून त्याच्या खात्यात टाकणारा उत्साही संपादक बेरीज सुधारतो आणि नोंद बिघडवतो. ‘कर्ता अज्ञात’ असे सदर उघडून तीन धावा तेथे ठेवणे कुरूप दिसले तरी तेच प्रामाणिक आहे.

आता मूळ आक्षेप. हौशी खेळ हा खेळाच्या आनंदासाठी असतो. गीतेने फलाची आशा सोडून कर्म करण्यास सांगितले आहे. मग सरासरी, धावगती, मालिकावीराचे गुण यांचा एवढा बडेजाव माजवणे म्हणजे निष्काम कर्माच्या एका दुर्मिळ क्षेत्रात फलाशेची वाळवी सोडणे नव्हे काय? आक्षेप वरवरचा नाही, आणि रत्नागिरीच्या भूमीवर त्याचा विचार करताना याच शहरात १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’कडे वळणे क्रमप्राप्त आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळकांनी फलाशात्याग आणि कर्मत्याग यांतील भेद परोपरीने स्पष्ट केला, आणि फलाशा सोडणे म्हणजे कर्माचा परिणाम काय होईल याचा विचारच सोडणे नव्हे, असेही बजावले. ज्ञानी पुरुष फळाची आसक्ती सोडतो, पण कर्म चांगले व्हावे यासाठी लागणारी दक्षता सोडत नाही, आणि लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाज सुव्यवस्थित धारण केला जावा यासाठी, तो काम करीतच राहतो. या भूमिकेवरून पाहता नोंद आणि फळ या दोन वस्तू वेगळ्या काढता येतात. चषक, रोख रक्कम, गावातली वाहवा हे फळ आहे. एखाद्या दुपारी एका माणसाने चार षटके टाकून अकरा धावा दिल्या हे फळ नाही. ते घडलेले सत्य आहे, आणि सत्याची आसक्ती सोडावी असे गीता कोठेही सांगत नाही.

त्याहून पुढचा मुद्दा असा की त्याग फक्त स्वतःच्याच वस्तूचा करता येतो. फळावरचा हक्क सोडणे हा कर्त्याचा धर्म आहे. त्या कर्माची नीट नोंद ठेवणे हा पाहणाऱ्यांचा, म्हणजे समाजाचा धर्म आहे, आणि पहिल्या धर्माचा दाखला देऊन दुसऱ्यातून सुटका करून घेता येत नाही. खेळाडू म्हणाला की मला आकड्यांचे काही नाही, तर तो त्याचा मोठेपणा झाला. तेच वाक्य वही हरवलेल्या सचिवाने खेळाडूला ऐकवले तर तो उपदेशाच्या आडून केलेला आळस झाला. निष्कामतेची शिकवण दुसऱ्याला करणे आपल्या समाजात फार सोपे झाले आहे, आणि ती बहुधा वरून खाली केली जाते: मालक नोकराला, सासू सुनेला, आयोजक खेळाडूला. ज्याचे कर्म कोणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे त्यालाच त्याच्या फळाचा त्याग मोकळ्या मनाने करता येतो, कारण जे हिरावून घेतले गेले त्याचा त्याग होत नसतो.

याचे ठळक उदाहरण मराठी क्रिकेटच्या इतिहासात आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघात होते, आणि त्या दौऱ्यातील सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी मिळवले. मैदानावर ज्यांच्या हातातून झेल सुटत नसे त्याच सहकाऱ्यांपासून चहापानाच्या वेळी त्यांना वेगळे बसावे लागे, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. बाळूंना फळ पुरते मिळाले नाही. पण ते बळी लिहिलेले होते, इंग्लंडमधील परक्या गुणलेखकांनी लिहिलेले होते, आणि त्या आकड्यापुढे जातीच्या आधारावर त्यांना मागे ठेवणाऱ्यांचा प्रत्येक युक्तिवाद लंगडा पडत गेला. कृतहानी झाली ती फळाची. कृताची हानी नोंदीने होऊ दिली नाही. जिल्ह्या-तालुक्याच्या ज्या स्पर्धांत वहीच उरली नाही, तेथे असे किती गोलंदाज फळासह कृतालाही मुकले, हे विचारायलाही आज जागा नाही.

अलीकडे क्रिकहिरोजसारख्या अ‍ॅपमुळे चित्र वेगाने पालटले आहे. चेंडूगणिक नोंद मोबाइलवर होते, धावफलक त्याच क्षणी मुंबईतल्या चाकरमान्याला दिसतो, यूट्यूबवर सामना चालू असतो, आणि बेरजेची चूक जवळजवळ अशक्य होते. बेरीज बरोबर असणे आणि नोंद खरी असणे यांत मात्र अंतर आहे: यंत्र लेगबायला फलंदाजाची धाव समजत नाही, पण गुणलेखकाने चुकीचे बटण दाबले तर ते ती चूक निर्दोष बेरजेसह जगभर पोचवते. आणखी एक बदल त्याहून खोल आहे. पूर्वी वही स्पर्धेची असे. आता प्रत्येक खेळाडूच्या नावाचे पान असते, आणि षटक संपताच सीमारेषेवर उभा असलेला क्षेत्ररक्षक आपले पान उघडून पाहतो. कर्ता आणि साक्षी यांतले अंतर असे मिटले की गोलंदाज फलंदाजाला बाद करण्यासाठी चेंडू टाकतो की पानावरचा आकडा सांभाळण्यासाठी, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून टेनिस बॉलवरच्या आकड्यांना पोटापाण्याचा अर्थही येऊ लागला आहे, आणि ज्याच्या घरी दोन वेळची विवंचना आहे अशा मुलाला आसक्तीबद्दल बोल लावणे शोभणारे नाही. आयोजकांना करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे: मोबाइल गुणलेखकाच्या हाती, तोही दोन्ही संघांबाहेरचा, आणि शेजारी कागदी वही धरलेला दुसरा; दर षटकाअखेर दोघांची तोंडी पडताळणी. अठरा वर्षांखालील मुलांची जन्मतारीख आणि छायाचित्र सर्वांना दिसेल असे ठेवणे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने पालकांच्या संमतीशी बांधले आहे, हेही त्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

टिकाऊपणाविषयी रत्नागिरीच्या सड्यांनीच एक इशारा देऊन ठेवला आहे. उक्षी, कशेळी, बारसू येथील जांभ्या कातळावर कोरलेली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. हजारो वर्षे उन्हापावसात ती टिकली, पण ती कोणी, कशासाठी कोरली, त्यांतील आकृतींचा परस्परसंबंध काय, हे सांगणारी परंपरा त्यांच्याबरोबर टिकली नाही. नोंद टिकणे आणि तिची वाचनपद्धती टिकणे ही दोन कामे आहेत. एखाद्या कंपनीच्या अ‍ॅपमधील नोंद दरवर्षी साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून, चिन्हांच्या खुलाशासह गावच्या वाचनालयात ठेवली नाही, तर ती कंपनी असेपर्यंतचीच आहे.

नोंद आणि फळ यांचे वेगळेपण क्रिकेटच्या नियमांनाही ठाऊक आहे. सामना संपल्यावर पंचांनी गुणलेखकांशी धावसंख्या जुळवून ती बरोबर असल्याचे मान्य केले की त्यानंतर निकाल बदलता येत नाही, असे सोळाव्या नियमात स्पष्ट म्हटले आहे. निकालाला शेवट लागतो, आणि तो लागलाच पाहिजे, नाहीतर गावात वर्षभर दोन तट राहतील. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना गहुंजेच्या मैदानावर पावसामुळे पुरा होऊ शकला नाही, तेव्हा साखळी फेरीत अग्रस्थानी असल्यामुळे रत्नागिरी जेट्स संघाला विजेता ठरवण्यात आले. अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी कोल्हापूर टस्कर्सना हळहळ वाटली असेल, पण आधीच्या सर्व सामन्यांची बिनचूक गुणतालिका हाती असल्यामुळे वादाला जागा राहिली नाही. निकालाचा नियम मात्र निकालापुरता आहे. धाव कोणाच्या नावावर असावी, झेल कोणी घेतला, ही नोंद पुढे चुकीची आढळली तर ती दुरुस्त करण्यास त्याने आडकाठी केलेली नाही. आणि जिल्ह्यातील स्पर्धांच्या नव्या नोंदव्यवस्थेत दुरुस्ती कोणी केली, केव्हा केली, कोणत्या पुराव्यावरून केली आणि आधीचा आकडा काय होता हे कायम दिसत राहण्याची सोय ठेवली, तर पंधरा वर्षांनी एखादा माणूस आपल्या भावाच्या नावावरून गळालेल्या बळीची विचारणा करण्यासाठी येऊ शकेल, आणि सचिवाला कोणाकडूनही चषक परत न मागता तो बळी त्या नावापुढे लिहिता येईल.